सोहळा आणि नाळ

चित्रपटांचे पुरस्कार-सोहळे आम्ही मोठ्या आवडीने पाहतो, असे म्हणणे धाडसाचे होईल. अमेरिकेतील ऑस्कर समारंभात पाच नावे वाचली जातात, पडद्यावर पाच चौकटींत पाच चेहरे उमटतात, पाकीट उघडले जाते आणि त्याच क्षणी चौघांना हसून टाळ्या वाजवाव्या लागतात. आम्हांला त्या चौघांचेच चेहरे अधिक बोलके वाटत आले आहेत. मराठी चित्रपट त्या पाचांच्या पंगतीत अद्याप बसलेला नाही. भारताने २००४ साली ‘श्वास’, २००९ साली ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि २०१५ साली ‘कोर्ट’ पाठविला. तिन्ही उंबरठ्यावरून परतले. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत हा छळ नाही. निर्णय आधीच जाहीर होतात. मिळाले ते दिल्लीला जातात, न मिळालेले आपापल्या घरी असतात आणि त्यांचे चेहरे कोणी पाहत नाही. उत्कंठा कमी, पण माणुसकी जास्त, असे आमचे मत आहे.

दि. २३ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीच्या विज्ञान भवनात एकाहत्तरावे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते देण्यात आले. पुरस्कार २०२३ सालच्या चित्रपटांचे होते. मोहनलाल यांना दादासाहेब फाळके पुरस्कार लाभला, शाहरुख खान यांना कारकिर्दीतील पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि वृत्तपत्रांची बरीचशी जागा त्यातच खर्ची पडली. आमचे लक्ष मात्र बालकलाकारांकडे होते. त्या वर्षी पाच मुलांना हा पुरस्कार विभागून दिला गेला. एक तेलुगू मुलगी सोडली तर उरलेली चारही मराठी चित्रपटांतील होती: ‘जिप्सी’मधील कबीर खंदारे आणि ‘नाळ २’मधील श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप व त्रिशा ठोसर. चिमुकली त्रिशा साडी नेसून मंचावर आली, तेव्हा सभागृह कौतुकाने नुसते उचंबळून आले. आम्हीही, खोटे कशाला बोला, घरात एकटे असूनही टाळी वाजविली.

टाळी वाजवून झाल्यावर झब्दीच्या मुलांची आई आठवली. संत मत्तयच्या शुभवर्तमानात ती प्रभू येशूपुढे येते आणि आपल्या दोन्ही लेकांसाठी उजवी-डावीकडची आसने मागून घेऊ पाहते. त्या माउलीला नावे ठेवणे सोपे आहे; धर्मग्रामाच्या सणाला बक्षीस-वाटपाच्या वेळी पहिल्या रांगेत बसणाऱ्या आमच्या आयांकडे पाहिले की तिचा राग येत नाही. पण प्रभू तिला उलट प्रश्न विचारतो, तो प्याल्याचा. दूरचित्रवाणीवरील गाण्यांच्या स्पर्धांत मुलांना उतरवू का, असे विचारावयास जे पालक येतात, त्यांच्याशी आम्ही त्या प्याल्याविषयीच बोलतो. याहून अधिक येथे लिहीत नाही.

त्याच समारंभात सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून सुजय डहाके यांच्या ‘श्यामची आई’ची निवड झाली होती. हा योग मोठा विलक्षण. राष्ट्रीय पुरस्कार १९५४ साली सुरू झाले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिलेच राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ने पटकाविले होते. त्यानंतर मराठीला तो सर्वोच्च मान पुन्हा मिळावयास ‘श्वास’ची वाट पाहावी लागली, म्हणजे अर्धे शतक. अत्र्यांच्या चित्रपटात श्याम झालेले माधव वझे पुढे इंग्रजीचे प्राध्यापक आणि नाट्यसमीक्षक म्हणून आपल्या पुण्यात नावारूपाला आले. मे २०२५ मध्ये ते गेले. नव्या श्यामचा गौरव त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी झाला.

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली हे पुस्तक लिहिले. सेमिनरीत संत अगस्तीनची ‘कबुली’ आम्हांला शिकविली गेली, तेव्हा त्यातील नववे प्रकरण वाचताना श्यामच्या आईची सारखी आठवण होई. पांढरपेशा, विद्वान मुलगा. त्याने जगापुढे उघडपणे आईचे ऋण मांडावे, ती कशी रागावत असे, कशी रडत असे, कशी गेली हे सांगावे, आणि तेही संकोच न करता! संत मोनिका इटलीतील ओस्तिया बंदरात, मायदेशापासून दूर वारली आणि आपला देह कोठेही ठेवा म्हणाली. दोन्ही पुस्तकांत आई मुलाला सोडून जाते, आणि मग मुलगा आईविषयी बोलू लागतो.

श्यामच्या आईचे नाव यशोदा, हे वाचकांना ठाऊक आहेच. पण पुराणातील श्यामाला दोन आया होत्या: जन्म देणारी देवकी आणि वाढविणारी यशोदा. आणि येथेच आम्हांला ‘नाळ २’कडे वळावयाचे आहे, कारण त्या संध्याकाळी आमच्या मनात राहिले ते हेच.

सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या २०१८ सालच्या ‘नाळ’मध्ये खेड्यातल्या चैत्याला कळते की आपण आईच्या पोटचे नाही. देविका दफ्तरदार यांनी ती आई केली आहे. फार बोलत नाही, पण पोराच्या नजरेत झालेला फरक तिला उमगतो. दुसऱ्या भागात चैत्या जन्मदात्या आईच्या गावी जातो. तेथे त्याला धाकटी बहीण चिमी भेटते आणि तिने आपल्याला भाऊ म्हणावे यासाठी त्याच्या जिवाची तगमग चालते. सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा मान यालाच मिळाला. आमच्या मते मात्र तो मुलांपेक्षा पालकांनीच पाहावा असा आहे.

दत्तक हा विषय आपल्या ख्रिस्ती घरांत कुजबुजीचा राहिला आहे. याला एक कारण कायद्याचे होते. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी होता. ख्रिस्ती दांपत्याला १८९० च्या पालकत्व कायद्याखाली मुलाचे केवळ पालक होता येई, कायद्याच्या दृष्टीने आईबाप नव्हे. मूल सज्ञान झाले की ते नातेही कागदावरून संपे. बालन्याय कायदा २००० साली आला आणि २००६ साली त्यात दुरुस्ती झाली. तेव्हा कुठे धर्म न पाहता दत्तक मूल हे पूर्ण अर्थाने आपले मूल ठरू लागले. ख्रिस्तसभेचा कायदा याबाबत स्वच्छ आहे. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत दत्तक घेणाऱ्यांची नावे लिहावीत, आणि तेथील नागरी नोंदीत तशी पद्धत असल्यास जन्मदात्यांचीही लिहावीत, असे कलम ८७७ सांगते. म्हणजे आमची वही यशोदेला मान देते आणि देवकीलाही पुसून टाकावयास सांगत नाही. संत योसेफाला आपण बाप म्हणून आळवतो. मोशेला फारोच्या मुलीने पुत्र मानले, तर जन्मदाती त्याची दाई म्हणून पगारावर राहिली. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायातील या गोष्टीवर आम्ही मातृदिनी प्रवचन ऐकल्याचे मात्र स्मरत नाही.

समारंभानंतर थोड्याच दिवसांनी एक दांपत्य आमच्याकडे आले. ओळख पटू नये म्हणून तपशील गाळतो. त्यांचा मुलगा अकरा वर्षांचा. काही महिन्यांचा असताना घरी आणलेला. त्याला सांगितलेले नव्हते. पुरस्काराची बातमी पाहून त्यानेच हट्ट धरला म्हणून तिघांनी घरी ‘नाळ २’ पाहिला होता. “फादर, चित्रपटभर मी त्याच्याकडेच बघत होते,” बाई म्हणाल्या. “आता सांगितलं, तर तो आमचा राहील का?” पती गप्प होते. मग म्हणाले, “मोठा झाला की सांगू, असं आम्ही ठरवलं होतं.”

आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले की आता सांगा, आणि दोघांनी मिळून सांगा. कायद्याने अठरा वर्षे पूर्ण झालेले दत्तक मूल स्वतः आपल्या मुळाचा शोध घेण्यास अर्ज करू शकते. पण त्याआधीच एखाद्या लग्नघरात एखादी आत्या बोलून जाते, आणि मग मुलाला दोन गोष्टी एकदम कळतात: आपण पोटचे नाही, आणि आपल्याशी खोटे बोलले गेले. पहिली जखम प्रेमाने भरते. दुसरी किती खोल जाते, हे आम्ही कबुलीच्या खुर्चीत बसून ऐकले आहे. बाईंना हे पटले की नाही, चेहऱ्यावरून कळेना. उठताना त्यांनी विचारले, “चैत्याची आई शेवटी त्याचीच राहते ना?” आम्ही होय म्हणालो.

ख्रिस्तजयंतीच्या आधी एका रविवारी मिस्सानंतर पतींनी आम्हांला बाजूला घेतले. सांगितले होते. मुलगा रडला नाही, आईच्या मांडीवर मात्र बराच वेळ पडून राहिला. त्याने एकच गोष्ट विचारली: मलाही कुठे एखादी चिमी असेल का? त्यांच्यापाशी त्याचे उत्तर नव्हते. संस्थेला पत्र लिहून विचारू, असे त्यांनी त्याला सांगितले आहे, आणि पत्राचा मसुदा आम्ही पाहून द्यावा अशी त्यांची इच्छा होती.