काचेच्या घरातला संसार

मुलीचे लग्न ठरवताना घरोघरी किती चौकशी होते! स्वभाव, घरची माणसे, खाणेपिणे, राहणी सारे विचारले जाते. पत्रिका न मानणारेही चार ठिकाणी विचारपूस केल्याशिवाय होकार देत नाहीत. पण हीच मंडळी घरच्या मत्स्यपेटीसाठी मासे आणायला जातात, तेव्हा फक्त रंग पाहतात. 'तो लाल द्या, ते पट्ट्यापट्ट्यांचे दोन द्या आणि हे चमकणारे डझनभर बांधा.' कोण कुठल्या पाण्यातला, कोणाचा स्वभाव कसा, मोठा झाल्यावर तो केवढा होईल, हे कोणी विचारत नाही. मग पेटी हळूहळू ओस पडते आणि दोष नशिबाला दिला जातो.

मुंबईच्या उपनगरातल्या एका कुटुंबातही असेच झाले. मुलीच्या आठव्या वाढदिवसाला बाबांनी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटी आणली. लेकीने बोट दाखवले ते सारे मासे आले. दोन एंजल, दहा निऑन टेट्रा, दोन गोल्डफिश आणि काच साफ करणारा एक सकर. "सगळे गुण्यागोविंदाने राहतात," दुकानदार म्हणाला. त्याच संध्याकाळी पेटी भरली, दिवा लागला आणि शेजारपाजारची मुले काचेला नाक लावून उभी राहिली.

पहिल्या महिन्यातच एक गोल्डफिश गेला. बाकीचे मात्र तगले.

आजोबा गेल्यानंतर गावाकडचे घर बंद करून आजी त्याच सुमारास मुलाकडे राहायला आली होती. सगळे आपापल्या कामाला गेले की दुपारभर घरात ती आणि मासे. टीव्हीपेक्षा तिला पेटीसमोर बसायला आवडे. त्यामुळे काही महिन्यांनी निऑन कमी होऊ लागले, ते सर्वांत आधी तिच्याच लक्षात आले. दहाचे आठ झाले, आठाचे सहा. मेलेला मासा मात्र कुठेच दिसेना. बाबांनी सोफ्याखाली, कपाटामागे शोधले. सुनेला वाटले, मोजण्यातच चूक होत असेल. "आई, इवलेसे मासे ते, सारखे पळत असतात. मोजता येतात थोडेच!" आजी गप्प बसली. नव्या घरात शब्दाला शब्द वाढवावा असे तिला वाटले नाही.

एके दिवशी सकाळी शाळेची तयारी करताना मुलीने पेटीचा दिवा लावला आणि किंचाळलीच. एंजलच्या तोंडातून निऑनची शेपटी बाहेर आली होती. "खुनी आहे तो! त्याला फेकून द्या!" रडून रडून तिने डोळे सुजवले. बाबाही चिडले. दोन्ही एंजल बादलीत घालून जवळच्या तलावात सोडून यायचे, असे त्यांनी ठरवून टाकले.

तेव्हा आजी प्रथमच बोलली. नातीला जवळ घेऊन ती म्हणाली, "अगं, मांजराने दूध प्यायलं की आपण मांजराला चोर म्हणतो. पण भांडं उघडं कोणी ठेवलं? त्याच्या तोंडात मावलं, ते त्याने खाल्लं. दोघांना एका घरात आणून ठेवलं ते आपण."

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. गॅस बंद करून ती सासूबाईंच्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "आई, तुम्ही रोज बघता. सांगा ना, आता किती उरलेत?"

"चार," आजी म्हणाली. काल रात्री पाच होते.

त्या आठवड्यात वाचनालयातून माशांवरचे पुस्तक घरात आले. संध्याकाळी सून वाचे, आजी आणि नात ऐकत. आजीने काचेतून जे पाहिले होते, त्याची कारणे एकेक करून पुस्तकात सापडत गेली.

पहिली गोष्ट आकाराची. दुकानातला मासा बहुधा पिल्लू असतो. नाण्याएवढा दिसणारा एंजल पुढे १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, तर निऑन जेमतेम ३ ते ४ सेंटिमीटरचा. दोघेही अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले, पण एंजल तिथेही लहान मासे खातोच. बोटाएवढा सकर फूटभराहून मोठा होतो आणि ऑस्करही तसाच. दोन फुटी पेटीत खडी वगैरे जाऊन ५० लिटरच्या आसपास पाणी मावते. एवढ्यात ते राहणार कसे?

दुसरी गोष्ट पाण्याची. इथे आजी एकदम म्हणाली, "आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. इथे दोन शिट्ट्यांत डाळ होते." सून पाहतच राहिली. पुस्तकात नेमके हेच वेगळ्या शब्दांत होते! क्षार जास्त असलेले जड पाणी गप्पी, मॉली, प्लॅटी यांना मानवते. निऑन आणि त्याच्या भाऊबंदांना हलके, किंचित आम्लधर्मी पाणी हवे. मुंबईच्या नळाला धरणा-तलावांचे हलके पाणी येते, तर बोअरवेलचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. म्हणून शेजारच्या गावात सुखाने राहणारा मासा आपल्याकडे टिकेलच असे नाही. शिवाय गोल्डफिश थंड पाण्यातला. १८ ते २२ अंश त्याला बरे वाटते आणि निऑन-एंजलना २४ ते २८ अंश. त्यातून गोल्डफिश घाणही फार करतो.

तिसरी गोष्ट स्वभावाची आणि संख्येची. निऑन थव्याने राहणारा. सहापेक्षा कमी असले की तो घाबरून कोपऱ्यात बसतो. टायगर बार्ब दोन-तीनच ठेवले, तर इतरांचे पर कुरतडत सुटतात. तेच आठ-दहा असले तर आपसांतच खेळतात. फायटरचे दोन नर एकत्र आले की लढाई ठरलेलीच. थायलंडने २०१९ साली ज्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला, तो हाच मासा. पण सजातीय शेजारी त्याला खपत नाही.

आणि एक गोष्ट घाईची. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू नव्या पेटीत नसतात. त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी पंधरा मासे आल्यावर गोल्डफिश का गेला, ते सर्वांना कळले.

बाबांचा तलावाचा बेतही रद्द झाला. पेटीतले परदेशी मासे तलावात सोडणे म्हणजे जीवदान नव्हे. सोडून दिलेले सकर केरळ, आंध्र, बंगालच्या पाण्यात वाढले. तिथल्या देशी माशांवर संकट आले आणि कोळ्यांची जाळी फाटू लागली. म्हणून चार फुटी उंच पेटी असलेल्या ओळखीच्या गृहस्थांनी एंजल नेले, तर सकर आणि उरलेला गोल्डफिश दुकानदाराने परत घेतले.

नवी मांडणी सावकाश झाली. पाणवनस्पती लावल्या. चार निऑनना आणखी सहा सोबती आले. दोन आठवड्यांनी तळाशी वावरणारे सहा कोरिडोरास आणि त्यानंतर गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली, शांत स्वभावाची हनी गोरामीची जोडी. वरच्या भागात गोरामी, मध्ये निऑन, तळाशी कोरिडोरास. प्रत्येकाला आपापली जागा मिळाली.

नवे मासे आले की पिशवी आधी वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवायची, मग पेटीतले थोडे थोडे पाणी पिशवीत घालायचे आणि शेवटी मासे अलगद सोडायचे. हे काम आजीने आपल्याकडे घेतले. नातीला घाई होई. आजी म्हणे, "थांब जरा. परक्या पाण्याची सवय व्हायला वेळ लागतो, बाळ." एकदा हे ऐकून सुनेने हातातले काम बाजूला ठेवले आणि दोघींसाठी चहा टाकला. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी दुपारचा चहा पेटीसमोरच होऊ लागला.

नवव्या वाढदिवसाला मुलगी पुन्हा दुकानात गेली. निळ्या-जांभळ्या झुलत्या परांचा एक फायटर तिला फार आवडला. पण तिने बोट दाखवले नाही. आधी विचारले, "काका, हा कोणाबरोबर राहतो?"

"हा एकटाच बरा," दुकानदार म्हणाला.

ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग आजीचा हात धरून म्हणाली, "चल आजी, आपल्याकडे दुसरे आहेत ना."