शिवेवरचे खुराडे

'शीव' या शब्दाचा अर्थ वेस, हद्द. ज्या उपनगराला इंग्रजांनी 'सायन' केले, तिथे एके काळी खरोखरच मुंबई बेट संपत असे. खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगीजांची होती आणि तिच्यावर नजर ठेवण्यासाठी जेराल्ड आँजियरच्या कारकिर्दीत, १६६९ ते १६७७ या काळात, इथल्या टेकडीवर किल्ला बांधला गेला. पुढे डंकनने कुर्ल्यापर्यंत बांध घातला आणि हद्द पुसली गेली. नाव मात्र उरले. फाळणीनंतर शीव कोळीवाड्याच्या छावणीत पंजाबी निर्वासित आले आणि कोळ्यांच्या शेजारी स्थिरावले. बाहेरून आलेल्याला सामावून घेणे हा आमच्या वस्तीचा जुनाच विषय आहे. मला मात्र तो प्रथम कळला तो आमच्या परसातल्या खुराड्यात, आणि कळला तोही फार उशिरा.

आमचे घर किल्ल्याच्या टेकडीच्या अलीकडे, तळमजल्यावर होते. मागे वावभर रुंदीचे परस. आजीने तिथे पाच गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा पाळला होता. १९७४ साली वडिलांनी आरे वसाहतीतल्या सरकारी कुक्कुट केंद्रातून तीन व्हाइट लेगहॉर्न तलंगा आणल्या. पांढऱ्याशुभ्र, हलक्या अंगाच्या, लालभडक तुऱ्याच्या. जरा पानाचा आवाज झाला तरी फडफडून भिंतीला धडकणाऱ्या. अंड्यांसाठी त्या जातीचा लौकिक मोठा. पण स्वभाव भित्रा. आजीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "जात वेगळी असली तर चालतं रे. वजन आणि वय वेगळं असलं की चालत नाही."

हे वाक्य शास्त्राला धरून होते, हे मला नंतर वाचनातून समजले. भिन्न जातींच्या कोंबड्या एकत्र ठेवायच्या तर अंगकाठी आणि स्वभाव जवळपासचे हवेत. असील ही झुंजीसाठी जोपासलेली जात. तिच्या शेजारी लेगहॉर्न ठेवणे म्हणजे तालमीत कारकून सोडणे. झाबुआकडची काळी कडकनाथ, बंगळूरची गिरिराज, हैदराबादची वनराज अशा जाती आज आपल्याकडे गावठी कोंबड्यांबरोबर सर्रास पाळतात. तिथेही नियम तोच: नवी तलंग जुन्यांच्या आकाराला येईपर्यंत मिसळू नये, आणि एकटीला तर कधीच आत सोडू नये. दोघी-तिघी असल्या म्हणजे चोची वाटल्या जातात.

आजीने पहिला महिना नव्यांना परसाच्या दुसऱ्या टोकाला वेगळे ठेवले. कारण मानमोडी. राणीखेत या नावाने ओळखला जाणारा हा रोग अंगात असूनही काही दिवस दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा खुराडे रिकामे झालेले असते. (२००६ साली नवापुरात बर्ड फ्लूने जे घडले, ते ज्यांना आठवते त्यांना या सावधगिरीचे महत्त्व सांगायला नको.) महिन्यानंतर खुराड्यात मध्ये जाळी लावून एका बाजूला जुन्या आणि दुसऱ्या बाजूला नव्या ठेवल्या. एकमेकींना दिसाव्यात, पण चोच पोचू नये. "पंधरा दिवस जाळी हलवायची नाही," अशी घरात ताकीद होती. त्यानंतर एका रात्री, अंधारात, नव्यांना उचलून जुन्यांच्या दांडीवर बसवायचे, आणि सकाळी दाणा-पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी मांडायची, म्हणजे एकीला सगळ्यांवर पहारा करता येत नाही.

याच दिवसांत आमच्या घरीही कोणी नवे आले होते. माझी आत्या राजापूरला वारली आणि तिची मुलगी आजीकडे राहायला आली. ती अकरा वर्षांची, मी दहा. तिच्या बोलण्यातले हेल आम्ही भावंडे जेवताना तिच्यासमोरच काढून दाखवत असू. ती हसायची. कोंबड्यांना दाणा घालायचे काम आजीने तिच्याकडे दिले; तिला ते येत होते.

नॉर्वेचा थॉर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे लहानपणापासून कोंबड्यांच्या वागण्याच्या नोंदी ठेवत असे. कोण कोणाला टोचते आणि कोण मुकाट्याने टोचून घेते, यावरून त्याने कळपातली उतरंड मांडली. त्याचा जर्मन निबंध १९२२ सालचा. साहित्याच्या वर्गात आपण 'पेकिंग ऑर्डर' हा शब्द कचेऱ्या, एकत्र कुटुंबे आणि जातिव्यवस्था यांच्यासाठी इतक्या सहज वापरतो, की तो मुळात खऱ्या चोचींविषयीचा आहे याचे भान राहत नाही. रूपकाचा हा धोका असतो. कोंबड्यांची उतरंड दुष्टाव्यातून येत नाही. एकदा क्रम ठरला की टोचणे कमी व्हावे, हाच तिचा उपयोग. नवी कोंबडी आली की क्रम मोडतो आणि तो पुन्हा लागेपर्यंत मारामारी चालते. आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटते. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोक्यावरून आणि तुऱ्यावरून ओळखतात. म्हणून छोट्या कळपात परकी लगेच कळते. पण कळप शेकड्यांत गेला की ओळख ठेवणेच अशक्य होते, आणि मग अनोळखीही एकमेकींना बऱ्यापैकी सहन करतात. संध्याकाळच्या लोकलमध्ये उभा असताना मला हे अनेकदा आठवले आहे. आमचे घर मात्र छोटा कळप होते.

जाळी लावून सहा दिवस झाले होते. शाळेतल्या दोन मित्रांना पांढऱ्या कोंबड्या काळ्यांबरोबर फिरताना दाखवायच्या होत्या, म्हणून मी दुपारी आजी निजलेली असताना जाळी काढली. थोडा वेळ काहीच झाले नाही. मित्र कंटाळून गेले. मीही त्यांच्याबरोबर किल्ल्यावर खेळायला गेलो. जाळी परत लावायची विसरलो.

परतलो तेव्हा तिघींपैकी एक कोपऱ्यात डोके खुपसून बसली होती. तुरा फाटला होता, मानेवर पिसे नव्हती. रक्ताचा रंग दिसला की बाकीच्याही टोचू लागतात; जखमी पक्ष्याला ताबडतोब वेगळे काढावे लागते. तिला कोणी वेगळे काढले नव्हते. आजीने हळद लावली, डालग्याखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मेली.

जाळी कोणी काढली, हे आजीने सर्वांना उभे करून विचारले. मी गप्प बसलो. दाणा घालणारी एकच होती. सगळ्यांची नजर तिच्याकडे वळली. तीही काही बोलली नाही. आजीने तिला मारले नाही, पण "तुझ्या आईला असला निष्काळजीपणा शिवला नव्हता," असे म्हणाली. ज्या मुलीची आई जाऊन दोन महिने झाले होते, तिला. त्या दिवसापासून दाण्याचे काम माझ्याकडे आले.

गेल्या वर्षी मी हे तिला फोनवर सांगितले. ती आता डोंबिवलीला असते, नातवंडांत रमलेली. पन्नास वर्षे झाली होती. मी बरीच प्रस्तावना केली, बालपण, भीती वगैरे. तिने मध्येच थांबवले.

"अरे, मला दिसलं होतं की. मी मोरीत होते तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं नाव घेऊन त्या घरात राहायचं कसं होतं मला?"

मी काही बोलू शकलो नाही. कोंबड्यांच्या उतरंडीबद्दल मी एवढे वाचले होते, पण तळाशी बसलेला जीव हिशेब करतो, आणि तो हिशेब अकराव्या वर्षीही अचूक असू शकतो, हे कुठल्याही निबंधात नव्हते. नव्यांनी किती दिवस जाळीआड राहावे, याची काळजी आजीने कोंबड्यांच्या बाबतीत घेतली होती. मुलीला मात्र पहिल्याच रात्री आमच्या ओळीत अंथरूण घालून दिले होते, आणि सगळे आपोआप जमेल असे सर्वांनी धरले होते. ती आमचीच होती ना.

क्षमा वगैरे शब्द आमच्यात आले नाहीत. तिने विचारले, "त्या उरलेल्या दोघी आठवतात का रे तुला?" मला त्या पांढऱ्या होत्या एवढेच आठवत होते.

"वर्षभर अंडी दिली त्यांनी, रोज," ती म्हणाली. "पण वरच्या दांडीवर कधी बसल्या नाहीत. मी मोरीतून बघायची. शेवटपर्यंत खालच्याच दांडीवर."