शेगाव ते अमरावती, पैलवानांच्या वाटेनं

शेगावच्या गजानन महाराजांच्या मंदिरात रांगेला लागलं की 'माउली, पुढं चला', 'माउली, सावकाश' हे सतत कानावर येत राहतं. पांढऱ्या कपड्यांतले हे सेवेकरी गावोगावहून येतात. त्यांत शेतकरी असतात, मास्तर असतात, दुकानदार असतात. ठरलेले दिवस राबायचं आणि मोबदला घ्यायचा नाही, अशी इथली रीत. संस्थानचा कारभार वर्षानुवर्षं सांभाळणारे शिवशंकरभाऊ पाटील यांची तर ख्याती अशी, की ते संस्थानचं पाणीसुद्धा घेत नसत.

मी मात्र आलो होतो मारुतीच्या देवळातल्या एका कुस्तीसाठी. गजानन महाराज शेगावात प्रकटले ते फेब्रुवारी 1878 मध्ये. दासगणूंच्या 'गजानन विजय' या पोथीत पाटलांच्या वाड्यातला हरी पाटील त्या देवळात महाराजांशी कुस्ती धरायला जातो आणि बसल्या जागेवरून त्यांना हलवूही शकत नाही. भाविकाला त्यात चमत्कार दिसतो. मला दिसतो तो हरी पाटील. पाटलाघरचं पोर, अंगात रग, तालमीचा नाद. पैलवान कुणीतरी पोसावा लागतो. घरानं, गावानं, नाहीतर राजानं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं, ते 1912 मध्ये पुरं झालं. मल्लांचा खुराक दरबारातून जाई आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. जत्रेच्या फडात इनामाचा आकडा आजही हलगीच्या तालावर पुकारतात.

शेगाव स्टेशनवर कचोरी घेतली (ती घेतल्याशिवाय इथून निघालेला माणूस मी पाहिलेला नाही) आणि बडनेऱ्याकडे जाणारी गाडी धरली. नागझरी गेलं, पारसच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागं पडल्या. खेळाडू पोसण्याच्या विचारावरून डोक्यात घोळत होतं ते अमेरिकेतलं पिट्सबर्ग.

तिथल्या हौशी फुटबॉल क्लबांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठी अडचण होती. सामना जिंकायचा तर बाहेरचा तगडा गडी हवा, पण गड्याला पैसे देणं म्हणजे बाट लागणं. मग युक्त्या निघाल्या. खेळाडूला बक्षीस म्हणून घड्याळ द्यायचं. तो ते गहाण टाकणार. क्लबचा माणूस ते सोडवून आणणार. पुढच्या सामन्यानंतर पुन्हा तेच घड्याळ, तोच खेळाडू! 12 नोव्हेंबर 1892 रोजी मात्र तिथल्याच अ‍ॅलेघेनीच्या क्लबनं येल विद्यापीठाचा गाजलेला खेळाडू पज हेफेलफिंगर याला सरळ 500 डॉलर रोख मोजले, वर प्रवासखर्च. त्यानं प्रतिस्पर्ध्याच्या हातून निसटलेला चेंडू उचलला, धावत नेला आणि सामना 4-0 असा जिंकून दिला. ही नोंद क्लबच्या हिशेबात तशीच पडून राहिली आणि 1960 च्या दशकात उजेडात आली. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचा हा जन्मदाखला. तोही लपवून ठेवलेला.

पकडला गेला तो जिम थॉर्प. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं मिळवणारा आदिवासी वंशाचा हा गडी. पूर्वी किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता, म्हणून 1913 मध्ये त्याची पदकं काढून घेतली. पुढं 1915 मध्ये कँटनच्या संघानं त्याला फुटबॉलच्या सामन्यामागं 250 डॉलर देऊ केले. 1920 मध्ये त्याच गावातल्या एका मोटारींच्या दुकानात संघमालक जमले, संघटना बांधली आणि अध्यक्ष केलं थॉर्पलाच. आजची एनएफएल ती हीच. ऑलिंपिकवाल्यांना पदकं परत द्यायला 1982 उजाडलं. तोवर थॉर्प जाऊन तीस वर्षं होत आली होती. असल्या शुद्धतेबद्दल मला आदर वाटत नाही.

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीत उतरलो आणि हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आवारात शिरलो. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी 1914 मध्ये लावलेलं हे रोपटं. इथलाही देव मारुतीच. क्रांतिकारक राजगुरूही काही काळ इथं व्यायामाचे धडे घेऊन गेले. 1936 मध्ये मंडळाची मुलं थेट बर्लिनला गेली आणि ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळ करून दाखवले. हिटलरच्या राजधानीत 'कबड्डी, कबड्डी'चा दम घुमला, हे चित्र मला अजून नीटसं पचत नाही.

आपल्याकडं घड्याळाऐवजी नोकरी आली. रेल्वे, बँका, भारत पेट्रोलियम, महिंद्रा यांनी कबड्डीचे संघ बाळगले. नाव कारकुनाचं, काम चढाईचं. पण ही युक्ती मी अ‍ॅलेघेनीच्या रोख रकमेहून बरी मानतो, कारण तिनं घरं उभी केली. 2014 मध्ये प्रो कबड्डी आली, तेव्हा पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरला तो रेल्वेचाच राकेश कुमार, पाटण्याच्या संघानं 12 लाख 80 हजारांना घेतलेला. 2023 मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सनं 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले. आकडा सगळ्यांसमोर पुकारला गेला, जत्रेच्या फडासारखा.

पण लीगचा हंगाम मोजक्या महिन्यांचा. एकदा गुडघा गेला की लिलावात कुणी नाव घेत नाही, नोकरी मात्र राहते. म्हणून चढाई चांगली करणारं पोर लिलावाच्या आधी रेल्वेची आणि पोलिसांची भरती कधी निघते, ते विचारतं.