टेप मारलेला दागिना

शाहू स्टेडियमवर तालीम संघांच्या फुटबॉल सामन्यांना सगळं कोल्हापूर लोटतं. मी पंच म्हणून उभा राहतो ते बहुतेक साध्या हौशी सामन्यांना. तिथं ड्रेसिंग रूम नसते. पोरं झाडाखाली बूट चढवतात आणि अंगावर असेल त्यासकट मैदानात निघतात: चांदीचं कडं, खड्याची अंगठी, बाळी, तुळशीची माळ, काळ्या दोऱ्यातला ताईत.

नियमावलीतला चौथा नियम यातलं काहीच चालवून घेत नाही. चामड्याचा किंवा रबराचा पट्टाही नाही. तरी "सर, टेप मारतो की" हे ऐकावं लागतंच. टेप मारून दागिना झाकायलाही नियमात मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. हेडरसाठी दोघं उडाले आणि एकाचं कडं दुसऱ्याच्या भुवईवर बसलं, तर टेप काय वाचवणार?

अंगठीवाल्यांना मी २००४ सालची गोष्ट सांगतो. स्वित्झर्लंडच्या सर्व्हेट संघाचा पाउलो दिओगो गोलच्या आनंदात कुंपणावर चढला. खाली उडी मारताना लग्नाची अंगठी तारेत अडकली आणि बोट गेलं. वर पंचांनी पिवळं कार्डही दाखवलं. एवढं सांगितलं की अंगठ्या मुकाट्यानं निघतात. घट्ट बसलेली साबणाच्या पाण्यानं निघते.

दोऱ्याचं प्रकरण नाजूक. एका पोराच्या दंडावरच्या ताइताची गाठ घामानं आवळून बसली होती. "सर, कापायचा न्हाई, आजीनं बांधलाय." बुटाच्या लेसचं कडक टोक गाठीत घालून, थोडं थोडं सैल करत आम्ही दोघांनी तो सोडवला. रुमालात बांधून त्यानं तो मॅनेजरच्या हातात दिला, खिशात टाकलेला बघितला आणि मगच तो मैदानात आला. श्रद्धेवर मी एक शब्द बोलत नाही, पण सूटही देत नाही. एकाची माळ राहू दिली, तर दुसऱ्याला कडं काढ म्हणायला तोंड उरत नाही.

मुलींच्या एका सामन्यात नुकतंच नाक टोचलेली खेळाडू आली. चमकी काढली तर भोक बुजेल म्हणून ती बाहेर बसली. फार वाईट वाटलं. तेव्हापासून स्पर्धा ठरली की संघांना आधीच निरोप धाडतो: टोचायचं असेल तर हंगाम संपल्यावर टोचा.

तपासणी करूनही नजर ठेवावी लागते. २०२२च्या विश्वचषकात पोलंडविरुद्ध फ्रान्सचा ज्यूल कुंदे जवळजवळ अख्खा पूर्वार्ध गळ्यात साखळी घालून खेळला. आमच्याकडं मध्यंतरात कडं पुन्हा हातात चढतं. दिसलं की खेळ थांबल्यावर त्याला बाहेर काढतो, पिवळं कार्ड दाखवतो आणि हात तपासूनच परत घेतो. बदली खेळाडूचेही हात, गळा, कान रेषेवरच बघतो, मग सामना कितीही रंगात आलेला असो.