पो नदीच्या खोऱ्यातले घरचे जेवण

इटलीची सहल करून आलेल्यांना "काय काय पाहिलेत?" असे विचारले, की उत्तर ठरलेले असते. रोमचे कोलोसियम, पिसाचा कलता मनोरा, व्हेनिसचे कालवे. "आणि जेवलात काय?" या प्रश्नाला मात्र बहुतेकजण हसून वेळ मारून नेतात. सहलीबरोबर फिरणाऱ्या महाराजाने केलेली भाजी-पोळी, नाहीतर स्टेशनवरचा पिझ्झा, एवढीच त्यांची इटालियन मेजवानी. इटलीत जाऊन तिथल्या घरात एकदाही न जेवणे म्हणजे कोकणात जाऊन समुद्र न पाहता परतण्यासारखेच आहे.

आम्हा दोघी बहिणींना तसे जेवण मिळाले ते रेज्जो एमिलिया या शहराजवळच्या एका खेड्यात. बोलोन्याहून पार्माकडे जाणारी आगगाडी या भागातून धावते, पण पर्यटक सहसा इथे उतरत नाहीत. ख्रिस्तपूर्व १८७ मध्ये एमिलिउस लेपिदुस या रोमन अधिकाऱ्याने रिमिनीपासून पिआचेन्झापर्यंत एक सरळ रस्ता बांधला. त्याच्या नावावरून रस्ता 'व्हिया एमिलिया' झाला आणि प्रांतही एमिलिया. उत्तरेला पो नदी, दक्षिणेला अपेनाईन डोंगर आणि मध्ये ताटासारखी सपाट, सुपीक जमीन. इटलीचा हिरवा-पांढरा-तांबडा झेंडा प्रथम स्वीकारला गेला तोही याच रेज्जोमध्ये, ७ जानेवारी १७९७ रोजी.

ताई नाशिकला बालवाडी चालवते. रेज्जोमधल्या नगरपालिकेच्या बालशाळा शिक्षणक्षेत्रात जगभर प्रसिद्ध आहेत. त्यातली पहिली १९६३ मध्ये सुरू झाली आणि लोरिस मालागुत्सी या शिक्षणतज्ज्ञाने त्यांना आकार दिला. त्या पाहण्यासाठी म्हणून आम्ही मे महिन्यात गेलो होतो. तिथे ओळख झालेल्या एका तरुण शिक्षिकेने विचारले, "शनिवारी आमच्या आजीकडे जेवायला याल?" आम्ही लगेच हो म्हटले.

रेझ्दोराच्या स्वयंपाकघरात

या भागातल्या बोलीत घर चालवणाऱ्या बाईला 'रेझ्दोरा' म्हणतात. घरातली पीठ, तेल, तूप आणि माणसे या सगळ्यांचा हिशेब जिच्या डोक्यात असतो, ती रेझ्दोरा. ऐंशी पार केलेल्या या आजी तशाच होत्या. आम्ही पोहोचलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या मोठ्या लाकडी फळीवर पीठ मळून ठेवलेले होते. प्रमाण सोपे: शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडे, पाणी नाही. मग जवळजवळ हातभर लांबीच्या लाटण्याने आजी ते लाटू लागल्या. पोळी केवढी? फळीच्या कडेवरून खाली लोंबेल एवढी! आणि पातळ इतकी, की खालच्या लाकडाच्या रेषा दिसाव्यात. या पोळीला 'स्फोल्या' म्हणतात. ताईने हात लावून पाहिला आणि म्हणाली, "हे माझ्या पुरणपोळीला जमायचं नाही."

पोळीवर सारणाचे छोटे ढीग ठेवून, घडी घालून, कातणीने चौकोन कापले की झाल्या 'तोर्तेल्ली'. सारण होते पालकासारखी चार्डची पाने, रिकोत्ता, किसलेले पार्मिजानो चीज आणि चिमूटभर जायफळ. आपल्या करंजीची ही दूरची बहीण, फक्त तळण्याऐवजी उकळत्या पाण्यात सोडायची आणि वरून लोणी व चीज घालायचे. त्याआधी आल्या 'न्योक्को फ्रित्तो', म्हणजे आपल्या पुरीसारख्या टम्म फुगलेल्या चौकोनी तळणी. या डुकराच्या चरबीत तळण्याची रीत आहे. ताई मांस-मासे खात नाही हे नातीने आधीच सांगितले होते, म्हणून आजींनी त्या तेलात तळल्या. "चव थोडी कमी लागेल," एवढेच त्या म्हणाल्या, आणि पहिले ताट ताईपुढे ठेवले.

शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. पार्मिजानो रेज्जानो हे चीज दूध, मीठ आणि रेनेट एवढ्यातूनच होते, आणि हे रेनेट वासराच्या जठरातून मिळते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आमंत्रण स्वीकारतानाच सांगावे. यजमानांना राग येत नाही. ऐन वेळी ताट सरकवले तर मात्र वाईट वाटते.

गढूळ बाटलीची गोष्ट

जेवणाबरोबर आजींनी तळघरातून एक बाटली आणली. तिच्यावर लेबल नव्हते. झाकण उघडताच गुलाबी-जांभळा फेस वर आला. ग्लासात ओतलेली वाइन पाहून मी जरा थबकले, कारण ती स्वच्छ नव्हती. तळाशी साका होता आणि रंग किंचित गढूळ. ही लांब्रुस्को, या मातीतली फसफसणारी तांबडी वाइन.

नातीने तिची गोष्ट सांगितली. शरद ऋतूत द्राक्षे चिरडली, की त्यांच्या सालींवरचे आणि तळघरातले यीस्ट आपणहून कामाला लागते. बाहेरून काही घालावे लागत नाही. आपल्याकडे इडलीचे पीठ रात्रभरात आंबते, तसेच. थंडी पडली की यीस्ट झोपी जाते आणि रसात थोडी साखर उरते. मार्चच्या सुमारास ही वाइन बाटल्यांत भरायची. ऊन वाढले की यीस्ट पुन्हा जागे होते, उरलेली साखर खाते आणि तयार झालेला वायू बाटलीतच कोंडून राहतो. तोच हा फेस. काम संपलेले यीस्ट तळाशी बसते, तोच साका. बाटल्या कधी भरायच्या ते चंद्र पाहून ठरवायचे, असे आजींचे म्हणणे. नात त्यावर हसते, पण भरते मात्र आजी सांगतील त्याच दिवशी.

एकेकाळी शेतकऱ्यांच्या घरोघरी लांब्रुस्को अशीच होत असे. मग दुसरी पद्धत आली. पोलादाच्या बंद टाकीत दाबाखाली वाइन फसफसवायची, गाळायची आणि चकचकीत करून बाटलीत भरायची. फेदेरिको मार्तिनोत्ती या इटालियन माणसाने या पद्धतीचे पेटंट १८९५ मध्येच घेतले होते. १९७० नंतर याच पद्धतीची गोडसर लांब्रुस्को अमेरिकेत जहाजे भरभरून गेली. तिने अनेक घरांना पैसा दिला, पण घरच्या बाटलीची पत गेली. "माझे वडील पाहुणे आले की ही बाटली लपवायचे," आजी म्हणाल्या, "आणि दुकानातली स्वच्छ बाटली पुढे करायचे. त्यांना गढूळ वाइनची लाज वाटायची."

आता काळाने कूस बदलली आहे. रासायनिक खते-फवारे न वापरता पिकवलेली द्राक्षे, बाहेरून यीस्ट नाही, गंधकाची संयुगे अगदी कमी किंवा मुळीच नाहीत, अशा वाइनला आज 'नैसर्गिक वाइन' म्हणतात. मिलान आणि पॅरिसच्या मद्यालयांत तीच गढूळ बाटली चांगल्या किमतीला जाते. गंमत म्हणजे सबंध युरोपीय संघात या शब्दाची कायदेशीर व्याख्या नाही. फ्रान्सने तेवढी २०२० मध्ये अशा वाइनसाठी एक स्वतंत्र खूण मान्य केली. आजींना हा शब्द ठाऊकही नव्हता. नातीने समजावल्यावर त्या म्हणाल्या, "नैसर्गिक? मग दुसरी कसली असते?"

चवीला ती आंबटसर, कोरडी आणि हलकी होती. लोण्यात न्हालेल्या तोर्तेल्लीचा एक घास आणि वर एक घोट घेतला, की जीभ पुन्हा स्वच्छ होते. तेलकट भज्यांबरोबर आपण ताक घेतो, त्यातली ही युक्ती. तीच वाइन दुसऱ्या दिवशी मी नुसतीच चाखून पाहिली, तेव्हा ती निव्वळ आंबट लागली. ही वाइन त्या ताटासाठी आणि ते ताट या वाइनसाठी आहे, हे तेव्हा मला कळले.

इथे मद्याची भलामण करण्याचा हेतू नाही. नैसर्गिक म्हटल्याने मद्यार्क कमी होत नाही. या वाइनमध्येही तो साधारण ११ टक्के असतोच. पण त्या घरची रीत पाहण्यासारखी होती. वाइन जेवणाबरोबरच, एखाददुसरा ग्लास, आणि शेजारी पाण्याचा भरलेला जग. ताईने ग्लासावर हात ठेवून नको म्हटले. कोणी आग्रह केला नाही, कोणी कारणही विचारले नाही.

दूध कोणाच्या हातचे?

पाणी पिणारी ताई एकटीच नव्हती. साडेआठच्या सुमारास शेजारचे एक पगडीधारी गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी आल्या. आम्हाला पाहून ते चक्क हिंदीत म्हणाले, "नमस्ते जी, आप कहाँ से?" होशियारपूरचे हे कुटुंब पंचवीस वर्षांपूर्वी इथे आले. शेजारच्या गोठ्यातल्या गाईंचे दूध काढण्याचे काम ते करतात.

पो नदीच्या खोऱ्यातल्या गोठ्यांमध्ये आज पंजाबी माणसे मोठ्या संख्येने आहेत. इटालियन तरुणांनी पहाटे उठण्याचे हे काम सोडले, तेव्हा १९८० नंतरच्या काळात पंजाबी आले आणि टिकले. रेज्जोच्या उत्तरेला नोव्हेल्लारा गावात त्यांचा मोठा गुरुद्वारा आहे. २००० मध्ये त्याचे उद्घाटन रोमानो प्रोदी यांनी केले, आणि ते स्वतः याच रेज्जो प्रांतातले.

पार्मिजानोचा नियम कडक आहे. संध्याकाळचे दूध रात्रभर ठेवून त्यावरची साय काढायची, सकाळचे ताजे दूध त्यात मिसळायचे आणि तांब्याच्या मोठ्या कढयांत चीज करायचे. साधारण ४० किलोच्या एका चाकाला सुमारे ५५० लिटर दूध लागते, आणि ते चाक किमान बारा महिने मुरावे लागते. म्हणजे गोठ्याला सुट्टी नाही. "नाम इनका, हाथ हमारे," ते गृहस्थ हसत म्हणाले. नातीने त्याचा अर्थ सांगितल्यावर आजींनी मान डोलावली आणि त्यांच्या ताटात आणखी चार तोर्तेल्ली वाढल्या. त्यांच्या पत्नीने स्फोल्या लाटायला आजींकडूनच शिकून घेतले आहे. आजींच्या मते गावातल्या कितीतरी सुनांपेक्षा त्यांचा हात चांगला आहे.

माळ्यावरची पिंपे

जेवण झाल्यावर चीजचे ओबडधोबड तुकडे आणि त्यांवर काळ्या, दाट व्हिनेगरचे दोन-चार थेंब, हाच गोड पदार्थ. हे बाल्सामिक व्हिनेगर द्राक्षांचा रस आटवून करतात. ते मुरते माळ्यावर, वेगवेगळ्या लाकडांच्या उतरत्या आकाराच्या पिंपांमध्ये. दरवर्षी सर्वांत लहान पिंपातून थोडे काढायचे आणि प्रत्येक पिंप त्याच्यापेक्षा मोठ्या पिंपातून भरून घ्यायचे. 'पारंपरिक' असा शिक्का मिळण्यासाठी ते निदान बारा वर्षे मुरावे लागते. पंचवीस वर्षांचे त्याहून मोलाचे. मुलगी जन्मली की तिच्या नावाने पिंपांची ओळ लावण्याची इथे जुनी रीत आहे. नातीच्या नावाची पाच पिंपे आम्ही शिडी चढून पाहिली.

आजोबा गेल्यावर दोन वर्षे या घरात ना बाटल्या भरल्या गेल्या, ना पिंपांकडे कोणी पाहिले. मुलगा फरश्यांच्या कारखान्यात नोकरीला. त्याला वेळ नव्हता आणि द्राक्षांच्या चार ओळी उपटून टाकायचे जवळजवळ ठरले होते. मग नातीने एक रविवार मागून घेतला. मार्चमध्ये ती मैत्रिणींना घेऊन आली, आजी खुर्ची टाकून बसल्या आणि सूचना देत राहिल्या. त्या वर्षी निम्म्या बाटल्या फुटल्या. पुढच्या वर्षी थोड्याच फुटल्या. आम्ही प्यालो ती चौथ्या वर्षाची. "माझ्यानंतरचं आता मी विचारत नाही," आजी म्हणाल्या, "रविवारी कोण आलं, एवढं बघते."

साडेदहालाच पंगत उठली, कारण शेजाऱ्यांना पहाटे चारला गोठ्यात जायचे होते. मी एक बाटली विकत मागितली. आजींनी मान हलवली. उन्हात, विमानात ही वाइन बिघडते, असे त्यांचे म्हणणे. हवी असेल तर पुन्हा जेवायला या!

तुम्हाला जायचे असेल तर

ओळख नसेल तरीही असे जेवण मिळू शकते. २००४ मध्ये बोलोन्यात सुरू झालेली 'चेझारिने' ही घरगुती स्वयंपाक करणाऱ्यांची संघटना पाहुण्यांना पैसे घेऊन घरी जेवू घालते. शेतावर राहण्या-जेवण्याची सोय म्हणजे 'आग्रितुरिझ्मो'. त्यासाठी इटलीत १९८५ पासून कायदा आहे. जेवण रात्री आठच्या सुमारास असते, म्हणून दुपारी पोट हलके ठेवावे. काय चालत नाही ते आधी स्पष्ट सांगावे. जाताना आपल्याकडची एखादी वस्तू न्यावी. आम्ही नेलेली वेलची आजींनी रुमालात बांधून ठेवली. आणि ग्लास घेणार असाल तर गाडी दुसऱ्याने चालवावी, कारण तिथले नियम कडक आहेत.

डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात युनेस्कोची बैठक भरली होती. त्याच बैठकीत आपली दिवाळी आणि इटलीची पाककला, दोन्ही मानवजातीच्या वारशाच्या यादीत गेल्या. इटलीचा मान कुठल्या एका पदार्थाला मिळाला नाही. एकत्र बसून रांधण्याच्या आणि वाढण्याच्या रीतीला तो मिळाला. पण यादीत नाव गेल्याने पोळी लाटली जात नाही की बाटली भरली जात नाही. त्यासाठी रविवारी कोणीतरी घरी यावे लागते, पहाटे कोणीतरी गोठ्यात जावे लागते, आणि संध्याकाळी पाहुण्याने त्या टेबलाशी बसावे लागते. पहिली दोन कामे रेज्जोची माणसे करीत आहेत. तिसरे आपल्या हातचे आहे. पुढच्या सहलीत एक संग्रहालय कमी पाहिले तरी चालेल. एक संध्याकाळ मात्र राखून ठेवा.