न दिसलेला दगड

न पाहिलेल्या गोष्टींची यादी करायला बसलो तर माझी यादी फार लांबेल. ताजमहाल मी पाहिलेला नाही, काश्मीर पाहिलेले नाही, आणि बहीण दर भाऊबिजेला ज्याचे वर्णन ऐकवते तो महाबळेश्वरचा सूर्योदयही पाहिलेला नाही. या न पाहण्याची कोणी कधी दखल घेतली नाही. पण माझे एक न पाहणे वेळेसकट कागदावर नोंदले गेले आहे आणि त्याचा मला अभिमान आहे, असे म्हटले तर वाचक हसतील. हसोत बापडे.

याला कारण आमचे बापूराव. गणिताचे निवृत्त मास्तर आणि आकाशाचे वेडे. २०१९ च्या माघात ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुम्हांला नाहीतरी रात्री झोप येत नाही. एक पिधान बघाल का?"

पिधान म्हणजे झाकणे. चंद्र रोहिणीला झाकतो ते गच्चीवरून साध्या डोळ्यांनीही दिसते. पण चंद्र घरचाच. दुर्बिणीतही न दिसणारा एखादा दगड ताऱ्यासमोरून सरकतो तेव्हा त्याची सावली पृथ्वीवरून पट्ट्यासारखी धावत जाते आणि तो पट्टा साधारण त्या दगडाएवढाच रुंद असतो. पट्ट्यात उभ्या असलेल्या माणसाला तारा क्षणभर विझलेला दिसतो. बाहेरच्याला तो तेवतच राहतो. ठिकठिकाणच्या लोकांनी तारा केव्हा गेला नि केव्हा आला हे टिपले की एकेक रेघ काढता येते आणि रेघांच्या टोकांवरून कधी न पाहिलेल्या वस्तूचा आकार उमटतो. १९७७ साली युरेनस एका ताऱ्यासमोरून जात असता तारा आधी आणि नंतर पुनःपुन्हा मिणमिणला, आणि युरेनसला कडी आहेत हे जगाला कळले. आपल्या कवलूरच्या वेधशाळेतही तो मिणमिणाट टिपला गेला होता.

बापूरावांचा लाडका किस्सा मात्र अर्जेंटिनाचा. सूर्यमालेच्या कडेला, साडेसहाशे कोटी किलोमीटरांवर एक ठिपका २०१४ साली हबल दुर्बिणीला सापडला. पुढे त्याला अरोकोथ हे नाव मिळाले. त्याच्याजवळून 'न्यू होरायझन्स' हे यान जायचे होते, म्हणून त्याचा आकार आधी हवा होता. ३ जून २०१७ ला अर्जेंटिनात आणि दक्षिण आफ्रिकेत दुर्बिणी मांडून लोक बसले. कोणालाही काही दिसले नाही! तरी १७ जुलैला मंडळी पुन्हा पॅटागोनियात हजर. ऐन हिवाळा, भन्नाट वारा. कोमोदोरो रिवादाविया या गावाने त्यांच्यासाठी रस्त्यावरचे दिवे मालवले, हमरस्त्याची वाहतूक थांबवली, दुर्बिणींना वारा लागू नये म्हणून आडोशाला ट्रक उभे केले. चोवीस दुर्बिणींपैकी पाचांना तारा विझलेला दिसला, तोही सेकंदभराच्या आसपास. त्या पाच रेघांवरून तर्क निघाला की हे दोन गोळे जोडलेले असावेत. १ जानेवारी २०१९ ला यान जवळून गेले तेव्हा खरोखरच तसे निघाले. लांबी सुमारे ३६ किलोमीटर. एक थोरला अनारसा आणि त्याला चिकटलेला एक चेपका लाडू!

आमचा दगड इतका दूरचा नव्हता. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या गर्दीतला होता. उत्तरेला बापूरावांचा एक विद्यार्थी, मध्ये बापूराव आणि दक्षिणेच्या टोकाला मी, असे आम्ही तिघे वीस-वीस किलोमीटरांवर बसलो. मी देवळामागच्या खळ्यावर, कानटोपी घालून, बापूरावांच्या सहा इंची दुर्बिणीला डोळा लावून. तारा झाकला गेला की 'गेला' म्हणायचे आणि पुन्हा दिसला की 'आला'. मोबाइल ते टिपून ठेवणार होता.

वेळ झाली. तारा थरथरला, की माझ्याच डोळ्यात पाणी आले, कोण जाणे. "गे—" एवढे अक्षर तोंडून निघून गेले. तारा मात्र होता तिथेच होता.

पाचच मिनिटांत बापूरावांचा फोन. "गेला हो! साडेचार सेकंद! पोरालाही दिसला. तुमच्याकडे?"

आता काय सांगू? माझी तीस वर्षांची नोकरी साहेबाला कोणते उत्तर हवे आहे ते ओळखण्यात गेलेली. अर्धा सेकंद गेला म्हटले असते तर सगळेच खूश झाले असते, आणि 'गे' तर मुद्रित झालेच होते.

"नाही गेला," मी म्हणालो.

"नक्की?"

"एकदा चुकून 'गे' म्हणालो आहे. तो माझा डोळा. तारा होता."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "बरं," एवढेच.

दुसऱ्या दिवशी ते आलेखाचा कागद घेऊन आले. वर दोन रेघा मध्ये तुटलेल्या, आणि खाली माझी, या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. तिच्या वर त्यांनी पेन्सिलीने दगडाचा गोल काढला होता. "ही नसती ना," माझ्या रेघेवर बोट ठेवून ते म्हणाले, "तर हा गोल मी खाली हवा तेवढा फुगवला असता. आता नाही फुगवता येत."

सौ. चहा घेऊन आली होती. कागद उलटसुलट करून म्हणाली, "एवढ्या थंडीत रात्रभर बसून तुम्ही ही एक रेघ आणलीत?"

तो कागद आमच्या स्वयंपाकघरात पंचांगाच्या खिळ्याला लटकतो आहे. मागच्या कोऱ्या बाजूवर तिने यंदाच्या फराळाच्या सामानाची यादी केली आहे.