विजासनच्या टेकडीपासून भामरागडच्या शिळांपर्यंत

नागपूरहून चंद्रपूरकडे येताना वरोरा मागे पडलं की भद्रावती लागतं. रेल्वे स्थानकाच्या पाटीवर अजून जुनंच नाव आहे, भांदक. आसपास कोळशाच्या खाणी, आयुध निर्माणीची वसाहत, ट्रकांची धूळ. बाहेरचे भाविक इथे येतात ते पार्श्वनाथाच्या जैन मंदिरासाठी किंवा भद्रनागाच्या दर्शनासाठी. मी गावाबाहेरच्या विजासन टेकडीची वाट धरली.

टेकडीच्या वालुकाश्मात बौद्ध लेणी कोरली आहेत. मुख्य लेणं म्हणजे सरळ डोंगराच्या पोटात शिरणारी एक लांब वाट. शेवटच्या दालनात आसनस्थ बुद्ध. तोंडाजवळच डाव्या-उजव्या अंगाला आणखी दोन वाटा फुटतात आणि त्यांच्या टोकालाही बुद्धमूर्ती आहेत. अजिंठ्याचे रंग इथे नाहीत, कार्ल्याचा भव्य चैत्यही नाही. इथे आहे तो फक्त दगड, अंधार आणि मूर्तीकडे जाणारी वाट. भिंतीवरून हात फिरवला की छिन्नीचे तिरके घाव बोटांना लागतात. झिजलेल्या मूर्तींचे चेहरे पुसट झालेत, पण बैठक स्पष्ट ओळखू येते.

पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात इथे आले होते. चिनी यात्रेकरू ह्युएन त्सांगने सातव्या शतकात पाहिलेली कोसलची राजधानी हीच असावी, असं त्यांचं मत होतं. पुढे अनेक अभ्यासकांनी तो मान छत्तीसगडमधल्या सिरपूरला दिला. राजधानीचा वाद काहीही असो, विजासनचं महत्त्व त्याने उणावत नाही, कारण हे लेणं आजही नांदतं आहे. बुद्धापुढे मेणबत्ती लावून एक आजी बाहेर आल्या. म्हणाल्या, "बाबासाहेब चांद्याले आले, तवा मायनं मले कडेवर घेऊन नेलं होतं." नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. आंबेडकरांनी चंद्रपुरात, म्हणजे जुन्या चांद्यात, बौद्ध धम्माची दीक्षा दिली. त्या दिवसानंतर विजासनचा बुद्ध इथल्या हजारो घरांचा झाला.

तिथून वरोऱ्यावरून, १९४२ च्या लढ्यात गाजलेल्या चिमूरच्या तालुक्यात हिरापूरला गेलो. इथे बुद्धाच्याही आधीच्या परंपरेची खूण आहे. उभ्या शिळा आणि त्यांच्यावर टेकवलेली प्रचंड आडवी शिळा, म्हणजे महापाषाणयुगीन शिलाप्रकोष्ठ. विदर्भात जुनापाणी, माहुरझरी, नायकुंडची शिलावर्तुळं प्रसिद्ध आहेत. तिथल्या उत्खननांत माणसांच्या अवशेषांसोबत लोखंडी हत्यारं निघाली, माहुरझरीला तर घोड्याचे तांब्याचे अलंकारही. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचे हे लोक लोखंड गाळत होते, घोडे बाळगत होते आणि आपल्या मृतांसाठी असे अवजड दगड हलवत होते. हिरापूरच्या छतशिळेखाली वाकून उभं राहिलं की पहिला प्रश्न पडतो, ही वर चढवली कशी? दुसरा त्याहून मोठा, कोणावरच्या मायेपोटी?

जपानमधल्या आसुका गावातही प्राचीन बौद्ध मंदिर आणि सरदारांच्या समाध्या एकाच शिवारात आहेत. तिथल्या इशिबुताई समाधीवरची माती निघून गेली आणि आतल्या महाकाय शिळा उघड्या पडल्या. जगभरातून लोक ते पाहायला येतात. हिरापूरला मी गेलो तेव्हा दुसरा पाहुणा नव्हता.

शेवटचा टप्पा गडचिरोलीतला. आलापल्लीपासून सागवानाच्या जंगलातून जाणारा रस्ता इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावरच्या भामरागडला पोचतो. इथे शिळांची परंपरा संपलेलीच नाही. इथले माडिया आदिवासी आजही आपल्या मृतांच्या नावाने दगड उभे करतात. एका गावाच्या कडेला अशा शिळांची रांग पाहिली. काही गुडघ्याएवढ्या, काही कमरेएवढ्या. जुन्यांवर शेवाळ, नव्यांच्या बुडाशी ताजी माती. सोबतच्या माडिया तरुणाने एका शिळेकडे बोट दाखवलं, "हा माझा आजा." पुरातत्त्वाच्या पुस्तकात जे इतिहासपूर्व म्हणून वाचतो, ते इथे घरातलं माणूस आहे.

या प्रवासानंतर माझं मत पक्कं झालं आहे. वारसा टिकतो तो त्याला आपलं म्हणणाऱ्या माणसांमुळे. विजासनला आजी आहेत, भामरागडला नातू आहे. हिरापूरच्या शिळांना असं कोणी हवं आहे. शेताचा बांध सरकला, मुरूम खणला, रस्त्याला दगड लागले, की अशा जागा गावाच्या नकळत नाहीशा होतात. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या ग्रामसभांना माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या शिवारातल्या अशा प्रत्येक शिळेची नोंद ठरावात करा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तरी तिथे न्या. ताडोबाला वाघ पाहायला येणाऱ्यांनीही एक दिवस जास्त काढून भद्रावती आणि हिरापूर पाहावं. दगडावर नाव कोरू नये, शेंदूर फासू नये. आणि भामरागडला गेलात, तर गावाला विचारल्याशिवाय त्या शिळांचे फोटो काढू नका.